इतवारीत, तर्री मारून

नागपुरात आठवड्याचे वार वस्त्यांची नावं होऊन बसले आहेत. मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी आणि या सगळ्यांत दांडगी इतवारी. किराणा, धान्य, सराफा, कापड, भांडी. विदर्भातले दुकानदार घाऊक माल भरायला इथेच येतात. हमाल आणि हातगाड्यांच्या या गर्दीला बसून जेवायला सवड नसते. म्हणून इथलं खाणं उभ्याउभ्याचं, पोटभरीचं आणि तिखट.

सकाळी ठेल्यावर परातभर पोहे वाफाळत असतात. पोहे तसे साधेच. खरा जीव शेजारच्या भगुण्यात: काळ्या हरभऱ्यांचा पातळ रस्सा, वर तेलाचा लाल तवंग. पळी तळापर्यंत जाते, चणे उचलते आणि वर येताना तवंगही घेऊन येते. मग कांदा, शेव, लिंबाची फोड. ‘भाऊ, तर्री मारा न अजून,’ हे वाक्य इथे प्रत्येक प्लेटमागे ऐकू येतं. हीच तर्री आलूबोंड्यावर आणि समोशावरही पडते. तिच्यापुढे पुण्याचे पोहे पथ्याचे वाटतात, हे नागपूरकर अगदी गंभीरपणे सांगतात.

सांबारवडी मात्र सवडीने खावी. सांबार म्हणजे वैदर्भीयांची कोथिंबीर. मसाला घालून ती बेसनाच्या पारीत गुंडाळायची आणि तळायची.

दुपारी पावलं सावजीकडे वळतात. ही चव विणकर हलबा कोष्टी समाजाच्या घरांतली. हातमागाचा धंदा बसत गेला तसं अनेक घरांनी भोजनालयं काढली. खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, मिरे भाजून वाटलेला काळपट मसाला ही तिची ओळख. सावजी म्हटलं की मटणच आठवतं, पण पाटोडी रस्सा चुकवू नये. बेसनाच्या घट्ट वड्या रस्सा पितात आणि तरी मोडत नाहीत.

कापडबाजार आणि खाणं यांची जोडी जगात इतरत्रही आहे. सोलचा ग्वांगजांग बाजार १९०५ पासूनचा, कापडासाठी नावाजलेला. आज तिथे लोक वाटलेल्या मुगाची धिरडी खायला रांगा लावतात. नागपूरकर त्याच मुगाचे वडे तळतात.

गाडी घेऊन इतवारीत शिरू नये. मेट्रोने चितार ओळी चौकात उतरावं, पुढे पायी जावं आणि पहिल्या दिवशी तर्री बेतानेच मागावी.