गाडी आपली, तर वहीही आपली

आमच्या वस्तीत माझी जुनी चारचाकी सर्वांची लाडकी आहे. तिसऱ्या हाताने घेतली, त्या दिवशी त्रिशरण-पंचशील म्हणून पेढे वाटले होते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला कळंब, देवळी, वर्धा करीत ती आम्हाला दीक्षाभूमीवर नेते. पण तिने जेवढा जीव लावला, तेवढाच खाल्लाही!

मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि मध्यमवर्ग चारचाकीत बसला. आपल्या दारी चारचाकी आली ती उशिरा, आणि बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हाताने. म्हणजे ती म्हातारपण सोबत घेऊनच येते. यवतमाळच्या उन्हाळ्यात रबरी नळ्या कडक होऊन तडकतात. पावसाळ्यात काळी माती खालच्या पत्र्याला चिकटते आणि गंज धरते. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तेही जुन्या रबराला मानवत नाही. पंधरा वर्षे झाली की नोंदणीचे नूतनीकरण आले. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० ऐवजी ५००० रुपये झाली.

हे सर्व सोसले. पण गेल्या आषाढात मध्यरात्री शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या. किल्ली फिरवली, तर नुसती टकटक. चार पोरांनी धक्का मारीत गाडी उतारावर नेली, तेव्हा ती सुरू झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी मेकॅनिकने दाखवले, बॅटरीच्या टोकांवर पांढरा बुरा साचला होता. गरम पाणी आणि जुना ब्रश, एवढेच काम!

मी म्हणालो, "विकून टाकतो हे धूड."

सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, गाडीला कशाला दोष देता? ऑफिसात दुसऱ्यांचे हिशेब लिहिता, हिचा कधी लिहिला का?"

मला बाबासाहेबांचा चाळीसगावचा प्रसंग आठवला. १९२९ साली ते तेथे उतरले. अस्पृश्याला बसवून टांगा हाकण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला. महारवाड्यातील लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातल्याच एकाला हाकायला बसवले. त्याला सवय नव्हती. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्या माणसांचा स्वाभिमान मोठा होता. पण वाहन हाकण्याचे शिक्षण त्यांना कोणी मिळूच दिले नव्हते. आज वाहन आपले आहे, शिकायला कोणाची आडकाठी नाही. मग बेफिकिरीला सबब कोणती?

बंधू-भगिनींनो, आता आमच्या गाडीची वही आहे. डावीकडे खर्च, उजवीकडे कोणते काम कधी केले त्याची तारीख. रविवारी विहारातील वंदना झाली की पाणी, ऑईल, बॅटरी आणि चाकांची हवा पाहतो. वस्तीतील दोन मुलीही हे काम शिकल्या. लग्नाला किंवा फिरायला गाडी नेली, तर पेट्रोल आणि दुरुस्तीचा वाटा नेणाऱ्याने द्यायचा. दवाखान्याला मात्र एक पैसाही घ्यायचा नाही.

गाडी अजूनही कुरकुरते. पण मध्यरात्री कोणी दार ठोठावले, तर किल्ली घेताना आता माझा हात थरथरत नाही.

जयभीम!