दुधातील संप्रेरके आणि गोठ्याचा हिशेब

गाभण गाईच्या दुधात संप्रेरके असतात, हे ऐकताच शहरी ग्राहकाच्या कपाळाला आठी पडते. परंतु गाभण राहिल्यावरही गाय कित्येक महिने दूध देते व विण्यापूर्वी सुमारे दोन महिने आटवली जाते. तेव्हा ही संप्रेरके दुधात आज नव्याने आलेली नाहीत आणि त्यांचे प्रमाणही अत्यल्प असते. दूध वाढावे म्हणून गाईला इंजेक्शन टोचणे ही गोष्ट सर्वस्वी निराळी. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने तो गुन्हा ठरविला आहे.

खरा प्रश्न ग्राहकाच्या भीतीचा नसून उत्पादकाच्या हिशेबाचा आहे. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक गर्भ टिकवून धरते. भरवलेली गाय फळली नसेल, तर सुमारे २१ दिवसांनी दुधातील त्याचे प्रमाण घसरते व ती पुन्हा माजावर येते. फळली असेल तर ते चढेच राहते. प्रमाण घसरलेले आढळल्यास गाय रिकामी हे जवळजवळ निश्चित. चढे असल्यास ती गाभण असण्याचा संभव, मात्र पुढे पशुवैद्याकडून खातरजमा हवी. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकातच ही परीक्षा व्यवहारात आली.

आता किल्लारीच्या गोठ्याकडे पाहावे. १९९३ च्या भूकंपाने देशाला ठाऊक झालेल्या या परिसरात पाऊस बेभरवशाचा. सोयाबीन-तुरीचा पैसा हंगामाला हाती येतो. नित्याचा घरखर्च भागवायला दुधाचाच आधार. गाय देवणी असो, लाल कंधारी असो वा संकरित, माज रात्रीतून येऊन गेला आणि कोणाच्या ध्यानात आला नाही, तर २१ दिवस वाया जातात. हाताने तपासणी होते ती दोन-अडीच महिन्यांनी. तोवर रिकामी गाय गाभण समजून पोसली जाते. कडबा-पेंडीचा खर्च थांबत नाही आणि पुढचे वेत लांबते. अर्थशास्त्राच्या भाषेत ही अज्ञानाची किंमत होय. वीस गाईंच्या गोठ्यात एक भाकड गाय खपून जाते. दोन गाईंच्या घरात मात्र निम्मी मिळकत बुडते.

संकलन केंद्रावर दुधाचे फॅट नित्य मोजले जाते, कारण खरेदीदाराला भाव ठरवायचा असतो. उत्पादकाच्या उपयोगाची ही दुसरी मोजणी तेथे सहसा होत नाही. एकट्या शेतकऱ्याला प्रयोगशाळेचा खर्च पेलणारा नाही; दूधसंघाला व शासनाला तो पेलता येईल. ज्या दुधावरून शेतकऱ्याचा भाव ठरतो, त्याच दुधातून त्याला आपल्या गाईची वार्ता वेळेवर कळावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.