खांबाला ओझं हवं

मानपाडे दोन. एक ठाण्यात घोडबंदर रोडला, येऊरच्या डोंगराच्या कुशीत, दुसरा डोंबिवलीचा. दोन्हीकडच्या टॉवरांत हल्ली एकच हौस दिसते: दिवाणखान्याच्या कोपऱ्यात वाड्यातला कोरीव खांब. खाली दगडी बैठक, वर कमळाच्या पाकळ्या आणि त्याच्याही वर फॉल्स सीलिंग. खांबावर भार काहीच नाही. झाडूपोछा करणारीला अडचण तेवढी.

असा माल जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारात मिळतो, चोरबाजारातही. तिथे तो पाडलेल्या घरांमधून येतो. १९४७च्या भाडेकायद्याने भाडी गोठली. मालकाला कौलं परवडेनात आणि भाडेकरूला जागा सोडवेना. पुण्यात त्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं. उरलंसुरलं बिल्डरने उरकलं. एकेक खांब जळणात जाण्याऐवजी मानपाड्यात आला, हेही कमी नाही म्हणा.

पण वाडा मोजायचे खणांवर. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. खांबावर तुळई, तिच्यावर कड्या, कड्यांवर पाट आणि वर मातीचा थर. नक्षी सगळीकडे नसेच. चार माणसं येतात त्या सोप्याला आणि दिवाणखान्याला ती मिळायची. माजघरातले खांब साधे, चौकोनी. श्रीमंती कुठे दाखवायची आणि कुठे पैसा राखायचा, याचा हिशेब पक्का होता.

दुसऱ्या बाजीरावाने मात्र हात आखडला नाही. १८०७मध्ये पुरा झालेल्या पुण्याच्या विश्रामबागवाड्याला सुमारे दोन लाख रुपये लागले. सुरूच्या झाडासारखे निमुळते होत गेलेले खांब, त्यांना जोडणाऱ्या महिरपी आणि दर्शनी बाजूची लाकडी मेघडंबरी पाहताना ते पैसे दिसतात. १८७९च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला. पुढे शाळा आणि कचेऱ्या तिथे नांदल्या आणि अलीकडे महापालिकेने जीर्णोद्धार केला.

जुन्या घरात राहायला येणाऱ्याची पहिली मागणी एसीची, दुसरी बंद वायरिंगची. इलेक्ट्रिशियन माती-विटांच्या भिंतीत झिरी मारतो आणि मिस्त्री ती सिमेंटने बुजवतो. तिथेच घात होतो. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. मग ओल लाकडाकडे वळते आणि खांबाचा पाय कुजतो. म्हणून जाणकार वायरी उघड्याच नेतात, पितळी बटणं लावतात, आणि चुन्यात गूळ-हिरड्याचं पाणी घालून तो मुरू देतात. महागडं असतं ते हे मुरवणं. झुंबर त्यामानाने स्वस्त.

जुनं घर हलवायचंच, तर पुण्याचे संग्राहक दिनकर केळकर यांच्यासारखं. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष त्यांनी आपल्या संग्रहालयात आणून पुन्हा दालन म्हणून उभे केले. तिथे खांब एकटा नाही. त्याच्या डोक्यावर महिरप आहे आणि तिच्यावर छत.