विधेयक ‘टेबल’ झाले, म्हणजे नेमके काय झाले?

संसदेत अहवाल ‘टेबल’ झाला, असे भारतीय इंग्रजी वृत्तपत्रे लिहितात तेव्हा तो सभागृहाच्या पटलावर ठेवला गेलेला असतो. अमेरिकी काँग्रेसमध्ये मात्र हेच क्रियापद उलट अर्थाने चालते. तेथे विधेयक ‘टेबल’ झाले म्हणजे ते बाजूला सारले गेले, बहुतेकदा कायमचेच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी एक तातडीचा मसुदा ‘टेबल’ करण्याची इच्छा व्यक्त केली. अमेरिकी सहकाऱ्यांना वाटले, तो खणात टाकून विसरायचा आहे. बराच वेळ कडाक्याचा वाद झाला आणि मग उमगले की दोघांनाही एकच हवे होते, अशी नोंद चर्चिल यांनी केली आहे. वॉशिंग्टनच्या बातमीचे भाषांतर ‘विधेयक मांडले’ असे झाले, तर तेथे बारगळलेला प्रस्ताव मराठी वाचकापर्यंत जिवंत होऊन पोहोचतो. अशा ठिकाणी ‘बाजूला सारले’ हेच लिहावे लागते.