पोरक्या गाडीचे मोल

अमेरिकेच्या हमरस्त्यांवर वाहनांच्या गर्दीत अधूनमधून एक लांबलचक गाडी दृष्टीस पडते. लांबी 45 फूट, अंगावर चकचकीत पोलादाचे पत्रे, काचा गडद. बाहेरून पाहणाऱ्यास ती दूरच्या पल्ल्याची प्रवासी बसच वाटावी. परंतु आत पाऊल टाकताच पन्नासएक आसनांच्या जागी एका कुटुंबाचे बिऱ्हाड थाटलेले आढळते. पुढे दिवाणखाना, मध्ये स्वयंपाकघर व स्नानगृह, पाठीमागे शेजघर. पायाखाली दगडी फरशी आणि भिंतींना उंची लाकूड. भारतीय रेल्वेत वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या तपासणीसाठी जो सलून डबा असतो, त्याची आठवण व्हावी असा हा थाट. फरक एवढाच, की हे सलून रुळांवाचून धावते आणि त्याचा धनीच बहुधा ते हाकतो.

अशी नवी कोरी गाडी आज वीस लाख डॉलरांहून अधिक किमतीस जाते. तीच वीस वर्षांची झाली, की मूळ किमतीच्या लहानशा अंशात मिळू लागते. आणि ती सजविणारी कंपनी मध्यंतरी बुडाली असेल, तर भाव आणखी उतरतो. ह्या उतरलेल्या भावाला भुलणारी मंडळी धनाढ्यच असतात असे मुळीच नाही. आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेले, राहते घर विकून उरलेली वर्षे देश पाहण्यात घालवावी अशा विचाराचे जोडपे ह्या बाजारात पुष्कळदा दिसते. गाडी आणि घर, दोन्ही व्यवहार ते एकाच सहीत उरकते. सौदा फसला, तर रस्त्यावर येण्याची पाळी यावयाची, आणि तीही शब्दशः.

ह्या गाडीला दोन जन्मदाते असतात, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. एस.टी.च्या कारभाराची ज्यांना माहिती आहे ते जाणतात, की बसची चेसिस टाटा किंवा अशोक लेलँड यांच्या कारखान्यातून येते आणि तिच्यावरील बॉडी दापोडी, चिकलठाणा वा हिंगणा येथील कार्यशाळेत चढविण्याची रीत फार जुनी आहे. अमेरिकेतील ह्या गाड्यांची वाटणी थोडी निराळी पडते. चेसिस, इंजिन, चाके, ब्रेक आणि बाहेरचे कवच, एवढे सारे एक कंपनी तयार करते. आतून ते कवच रिकामे असते. ते विकत घेऊन आत घर बसविणारा कारखानदार दुसरा. त्यास तिकडे ‘कन्व्हर्टर’ म्हणतात. मराठीत रूपांतरकार म्हणावयास हरकत नाही.

कवचे पुरविणाऱ्यांत कॅनडातील प्रेव्हो ही कंपनी अग्रगण्य होय. तिचा इतिहास मोठा मौजेचा आहे. क्वेबेक प्रांतातील सेंट-क्लेअर गावी यूजीन प्रेव्हो नावाचा एक लाकूडकाम करणारा कारागीर होता. चर्चची बाके आणि शाळांचे सामानसुमान करता करता 1924 मध्ये त्याने रिओ कंपनीच्या ट्रकच्या चेसिसवर लाकडी बस बांधली. दुसऱ्याच्या चेसिसवर आपले सुतारकाम चढविणारा हा मनुष्य; पुढे त्याच्याच नावाच्या कंपनीने कवच द्यावे आणि आतले सुतारकाम इतरांनी करावे, असा उलटा क्रम लागला. आज ही कंपनी स्वीडनच्या व्होल्वो उद्योगसमूहात आहे.

रूपांतरकाराचा धंदा दिसावयास भरभक्कम, परंतु मुळात नाजूक. एकेका गाडीवर कित्येक महिने काम चालते, कवचासाठी आधीच मोठी रक्कम गुंतते आणि गिऱ्हाईक मोजकेच. तेव्हा कर्जावाचून हा धंदा चालत नाही. 2008 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत डिझेलचा भाव गॅलनला चार डॉलरांच्या वर गेला आणि पाठोपाठ बँकांनी हात आखडता घेतला. 2009 मध्ये ऑरेगन राज्यातील जंक्शन सिटी येथील कंट्री कोच ही कंपनी दिवाळखोरीत गेली; तिने स्वतःच्या चेसिसवर गाड्या बांधल्याच होत्या, शिवाय प्रेव्होच्या कवचांतही घरे बसविली होती. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कोबर्गची मोनॅको आणि कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडची फ्लीटवुड ह्या त्याहून कितीतरी मोठ्या कंपन्यांनी दिवाळखोरीच्या न्यायालयात धाव घेतली. मॅरेथॉन, लिबर्टी अशी काही नावे टिकून राहिली. बुडालेल्यांच्या गाड्या मात्र रस्त्यांवर धावतच राहिल्या, कारण पोलाद काही कंपनीबरोबर दिवाळे काढीत नाही.

उत्पादक नाहीसा झालेल्या मोटारीस अमेरिकन लोक ‘पोरकी’ म्हणतात. शब्द समर्पक असला, तरी वरील गाड्यांच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. रूपांतरकार गेला तरी कवच करणारा हयात असतो. प्रेव्होची दुरुस्तीकेंद्रे अमेरिकेत ठिकठिकाणी आहेत, आणि गाडीवर कोरलेला 17 अक्षरांचा क्रमांक सांगितला की कोणत्या कवचास कोणता सुटा भाग लागतो हे तेथे कळते. आत कोणी घर बसविले याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. कित्येक जुन्या गाड्यांत डेट्रॉइट डिझेलचे ‘सीरीज 60’ इंजिन असते. तेच इंजिन हजारो मालट्रकांतही बसविलेले असल्याने ते जाणणारा मिस्त्री कोठेही भेटतो. म्हणून ह्या भागाची तपासणी ट्रकच्या मिस्त्रीकडूनच करवितात. इंजिन आधीपासून तापवून ठेवलेले नसावे. थंड इंजिन सुरू होताना जे बोलते, ते तापलेले इंजिन बोलत नाही. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत धाडल्यास त्यात उतरलेल्या धातूंच्या कणांवरून आतील झीज समजते. इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरला असता हवेचा दाब एका मिनिटात 3 पौंडांहून अधिक उतरू नये. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असलेला टायरही वर्षांच्या हिशेबाने मोडीत काढण्याजोगा असू शकतो, कारण ह्या गाड्या धावतात थोड्या आणि उभ्या राहतात फार.

खरा घोर आहे तो घराच्या भागाचा. एकाच रूपांतरकाराच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्या सहसा सारख्या नसतात; गिऱ्हाइकाने सांगितले तसे त्या सजविलेल्या असतात. भिंतींमागून तारांचे जाळे गेलेले असते. त्यात एक 24 व्होल्टची वीज, दुसरी 12 व्होल्टची, तिसरी घरगुती 120 व्होल्टची. ही तिसरी कधी जनित्रातून, कधी मुक्कामाच्या तळावरील खांबावरून, कधी बॅटऱ्यांवर चालणाऱ्या इन्व्हर्टरमधून येते. तिघींचा मेळ घालणारी यंत्रणा पुष्कळदा रूपांतरकाराने स्वतः आखलेली असते. कोणती तार कोठे जाते हे ज्याला ठाऊक होते, तो मनुष्य कंपनीबरोबर पांगलेला असतो.

तपासणी करणाऱ्याने येथे एकच प्रश्न वस्तूगणिक विचारावा: ही बाजारातून आणलेली आहे, की कंपनीने घरी केलेली? शीतकपाट, वातानुकूलन यंत्र, डिझेलवर पाणी तापविणारी भट्टी, पाण्याचा पंप, ह्यांवर त्यांच्या त्यांच्या उत्पादकांची नावे असतात. ती बिघडली तर दुरुस्त होतात, न झाली तर बदलता येतात. परंतु कंपनीने स्वतः तयार केलेला सर्किट बोर्ड, किंवा दिवे, पडदे, दारे आणि पंखे एकाच पडद्यावरून चालविणारी संगणकी व्यवस्था, हिला बाजारात जोड नसते. ती बंद पडली म्हणजे दिवा शाबूत, तार शाबूत, वीजही हजर, आणि घरात अंधार. मग कोणा जाणत्याकडून सारी बैठक उखडून साधी बटणे बसवून घ्यावी लागतात. ह्या कारणाने 1990 च्या सुमाराची, साध्या बटणांची आणि थोडीशी जुनाट दिसणारी गाडी ही तिच्याहून दहा वर्षांनी नव्या, पडद्यावर बोट ठेवताच सर्व काही करणाऱ्या पोरक्या गाडीपेक्षा पुष्कळदा श्रेयस्कर ठरते. विक्रेत्यांना हे मत रुचत नाही. भाव ठरतो तो मात्र फरशीच्या चकाकीवर.

सरकत्या भिंतींचेही असेच आहे. गाडी उभी असताना एक बाजू ओढपेटीसारखी बाहेर सरकते आणि खोली रुंदावते. ती कवच करणाऱ्या कंपनीने बसविलेली असेल, तर तिचे भाग व माहिती मिळण्याचा मार्ग राहतो. रूपांतरकाराने स्वतः कवच कापून बसविली असेल, तर कापाच्या कडा, सांध्यांतील गंज आणि पावसाच्या पाण्याचे डाग बारकाईने पाहिले पाहिजेत. त्याखेरीज वजन. दगडी फरशीचे ओझे धन्याच्या नजरेत भरत नाही; आसांना ते कळते. गाडी किती भार वाहू शकते हे कवचावरील पट्टीवर लिहिलेले असते. मालट्रकांच्या तळावरील काट्यावर, पाण्याच्या व इंधनाच्या टाक्या भरून, प्रत्येक आसाचे वजन वेगळे करून पाहावे. एक गॅलन पाणी म्हणजे सव्वाआठ पौंडांहून अधिक. शंभर-दीडशे गॅलनांची टाकी असली तर हिशेब सहज चुकतो.

आता कागदपत्रे. जमीन घेणारा शेतकरी सातबारा उताऱ्यावर बोजा आहे की काय ते पाहतो, त्याच दृष्टीने ह्या गाडीचा मालकीदाखला पाहावा लागतो. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत कर्ज देणाऱ्याचे नाव त्या दाखल्यावरच नोंदलेले असते. गाडीच्या वयाबाबतही सावध राहणे बरे. कवच एका वर्षी तयार होते, घर दुसऱ्या वर्षी पुरे होते, आणि जाहिरातीत अर्थातच नंतरचे वर्ष छापतात. वाहन क्रमांकाचे दहावे अक्षर कवचाचे वर्ष सांगते. त्या अक्षरात फेरफार करणे सोपे नसते.

बुडालेल्या कंपनीच्या आवारातूनच गाडी घ्यावयाची असेल, तर गुंता वाढतो. न विकलेल्या नव्या गाडीचे उत्पत्तिपत्र बहुधा कंपनीच्या धनकोकडे पडून असते. जुन्या गाड्यांपैकी काही इतर मालकांनी केवळ विक्रीसाठी तेथे ठेवलेल्या असतात, म्हणजे आवारात उभी असलेली गाडी कंपनीची असेलच असे नाही. न्यायालयामार्फत होणारी विक्री त्यातल्या त्यात सुरक्षित. दिवाळखोरी कायद्याच्या 363 व्या कलमान्वये न्यायालय मालमत्ता बोजारहित विकण्यास अनुमती देऊ शकते. असा हुकूम झाला असल्यास त्याची प्रमाणित प्रत मालकीदाखल्याबरोबर जपून ठेवावयाची असते. मात्र अशी विक्री ‘आहे त्या स्थितीत’ होते. पुढे काही बिघडले तर तक्रार कोणाकडे न्यावयाची हा प्रश्नच उरत नाही. कंपनीचे नाव नव्या भांडवलदाराने घेतले म्हणून जुनी हमी जिवंत झाली, असाही समज काहींचा होतो. नाव, साचे आणि जमीन विकत घेणारा जुन्या हमीचे ओझे सहसा शिरावर घेत नाही. ज्याच्यापाशी अशी हमी आहे, तो इतर बिनतारणी धनकोंच्या रांगेत उभा राहतो, आणि ती रांग फार पुढे सरकत नाही.

एवढे असूनही पोरक्या गाड्या चालतात, आणि त्यांतील काही उत्तम चालतात. ह्याचे श्रेय माणसांना आहे. जंक्शन सिटी आणि कोबर्ग ह्यांसारख्या गावी कारखाने बंद झाले तरी कारागीर तेथेच राहिले. त्यांतील कित्येकांनी दुरुस्तीची लहान दुकाने थाटली. ज्याने भिंत उभारली त्यालाच ती उघडावयास सांगणे यासारखे सुख नाही; म्हणून गाडी घेण्यापूर्वी असा कोणी मिस्त्री आहे काय आणि तो किती अंतरावर आहे, याची चौकशी जाणते लोक आधी करतात.

दुसरा आधार मालकांच्या मंडळांचा. 20 जुलै 1963 रोजी खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी मेन राज्यातील हिंकली येथे 26 कुटुंबे आपापली घरगाडी घेऊन जमली होती. ग्रहण सुटले, परंतु मंडळी बांधली गेली. त्या मेळाव्यातून घरगाडीवाल्या कुटुंबांची राष्ट्रीय संघटना जन्मास आली. त्या काळी बहुतेकांच्या गाड्या जुन्या प्रवासी बसांतून घरीच केलेल्या असत, म्हणजे उत्पादक नावाचा कोणी मुळातच नव्हता. एकमेकांस विचारीत, आराखडे उतरवून घेत, त्यांनी त्या चालत्या ठेवल्या. आजही बुडालेल्या रूपांतरकाराच्या गाड्यांचे आराखडे बहुधा अशा मालकांच्या संग्रहातूनच हाती लागतात.

अशा गाडीबरोबर एक खोका येतो, किंवा यावयास हवा. त्यात त्या विशिष्ट गाडीचे वायरिंगचे नकाशे, प्रत्येक यंत्राचे माहितीपत्रक, दुरुस्तीच्या पावत्या आणि आधीच्या धन्याच्या हाताची टिपणे असतात: अमुक फ्यूज पलंगाखाली आहे, तमुक झडप डावीकडे फिरवावी. एकाच वर्षाच्या दोन गाड्यांपैकी खोका असलेलीला जास्त किंमत देणे मुळीच अव्यवहार्य नाही. गाडी पाहावयास गेल्यावर त्यातील एखादा नकाशा उघडून, त्याप्रमाणे एखादे दार काढून, नकाशातील तार आणि भिंतीतील तार एकच आहे की नाही ते ताडून पाहतात. नंतर एक रात्र गाडीत मुक्काम करून जनित्र, भट्टी, पंप आणि इन्व्हर्टर आळीपाळीने चालवून पाहतात. विक्रेता ह्याला तयार नसेल, तर सौदा तेथेच सोडून देणे बरे. आणि तो तयार असेल, तर करारपत्रात गाडीखाली दुसरी बाब म्हणून त्या खोक्याची आतील कागदांच्या यादीसह नोंद करवून घेतात.