सरकत्या झाकणाचा डबा

एक चौकोनी डबा घ्यायचा. आत काठोकाठ पाणी, आणि वरचं झाकण एकाच दिशेने सतत सरकतंय. झाकणाला लागून असलेलं पाणी त्याच्याबरोबर ओढलं जातं, समोरच्या भिंतीशी अडून खाली वळतं आणि डब्यात एक मोठा भोवरा गरगरू लागतो. तळाच्या दोन कोपऱ्यांत दोन पिटुकले भोवरे उलट्या दिशेने फिरत असतात. हा डबा सहसा कॉम्प्युटरवरच भेटतो, आणि त्याचं मुख्य काम म्हणजे विद्यार्थ्याने लिहिलेल्या प्रोग्रामची परीक्षा घेणं. घिया, घिया आणि शिन या तिघांनी १९८२ साली या डब्यातले वेग १२९ गुणिले १२९ बिंदूंच्या जाळीवर काढून त्यांचे तक्ते छापले. त्या तक्त्यांशी आपला आलेख जुळल्याशिवाय गाईड पुढचं काही ऐकून घेत नाहीत.

मुंबईत पवईच्या आयआयटीत मेकॅनिकलच्या एम.टेक.ला तीन वाटा आहेत : थर्मल अँड फ्लुइड्स, डिझाइन आणि मॅन्युफॅक्चरिंग. डब्याशी गाठ पडते ती पहिल्या वाटेवर. डब्यातल्या पाण्याचं कोडं सोडवण्याची जी रीत आज जगभर शिकवली जाते, तिचा एक धागा याच विभागातून निघालेला आहे.

सुहास पाटणकर मूळचे पुण्याचे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ साली ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि एम.टेक.साठी पवईला आले. सोव्हिएत मदतीतून, युनेस्कोच्या मध्यस्थीने १९५८ साली सुरू झालेली ही संस्था तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती. १९६४ साली पदवी घेऊन पाटणकर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ब्रायन स्पाल्डिंग यांच्याकडे गेले. १९६७ साली पीएच.डी. झाली आणि १९७२ साली दोघांच्या नावावर एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यातली रीत ‘सिंपल’ या नावाने ओळखली जाते.

अडचण अशी होती. पाण्याचा वेग काढायचा तर दाब माहीत हवा, पण दाब काढायला स्वतंत्र समीकरणच नाही. हातात आहे ती फक्त एक अट : जेवढं पाणी एका चौकटीत शिरेल तेवढंच बाहेर पडलं पाहिजे. पाटणकर-स्पाल्डिंग म्हणतात, दाब आधी अंदाजाने धरा. त्यावरून वेग काढा. कुठल्या चौकटीत पाणी जास्त होतंय, कुठे कमी पडतंय ते बघा आणि त्या तुटीवरून दाब दुरुस्त करा. मग पुन्हा पहिल्यापासून. डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारावी, तर दुसरा पाय उचलला जावा, तसं हे शेकडो फेऱ्या चालतं. हळूहळू डुगडुग कमी होते. विद्यार्थी म्हणतात, ‘कोड कन्व्हर्ज झाला.’ पुष्कळदा तो होत नाही आणि रात्री दोन वाजता पडद्यावरचे आकडे अनंताकडे धावत सुटतात. पुढे मिनेसोटा विद्यापीठात शिकवताना पाटणकरांनी १९८० साली या विषयावर एक सडपातळ पुस्तक लिहिलं. ते आजही कॉम्प्युटर लॅबमध्ये झेरॉक्सच्या रूपात हाती लागतं.

बी.टेक. म्हणजे काय हे घरोघरी ठाऊक असतं, पीएच.डी.ला मान असतो. मधली एम.टेक. मात्र ‘आणखी दोन वर्षं’ एवढीच समजली जाते. फार तर लग्नाच्या बायोडेटात एक ओळ वाढते. प्रत्यक्षात इंजिनिअरच्या शिक्षणातला एक मोठा सांधा याच दोन वर्षांत बदलतो. पदवीपर्यंतच्या प्रत्येक गणिताचं उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं असतं. इथे ते कुणाकडेच नसतं, गाईडकडेही नाही. आलेल्या आकड्यावर स्वतःच संशय घ्यायला शिकावं लागतं.

आत येण्याची वाट नेमकी उलट्या स्वभावाची आहे. ‘गेट’ ही परीक्षा तीन तासांची, ६५ प्रश्नांची, १०० गुणांची. त्यांतले १५ गुण भाषा आणि सामान्य बुद्धिमत्तेचे. कॅल्क्युलेटर पडद्यावरचाच, माउसने दाबायचा. बहुपर्यायी प्रश्नाचं उत्तर चुकलं तर गुण कापले जातात. तीन वर्षं चालणारा हा स्कोअर घेऊन बी.ई. झालेली मुलं जळगावहून, नांदेडहून, कोल्हापूरहून पवईला येतात. एका प्रश्नाला अडीच-तीन मिनिटं देण्याची सवय मुरलेल्या मुलाला इथे एकच प्रश्न वर्षभर पुरतो.

ज्यांच्या वाट्याला प्रयोग येतो ते हा संशय हाताने शिकतात. समजा, तापलेल्या नळीतून पाणी वाहतंय आणि नळीकडून पाण्याला उष्णता किती चटकन मिळते ते मोजायचं आहे. उष्णतेला तापमानातल्या फरकाने भागलं की झालं. वहीत हे एका ओळीचं गणित आहे. तापमान मोजायला नळीवर थर्मोकपल चिकटवतात : दोन वेगळ्या धातूंच्या तारा, टोकाला जोडलेल्या. नेहमी वापरला जाणारा ‘के’ प्रकारचा थर्मोकपल एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतो. बाजारातून आणलेल्या अशा तारेत २.२ अंशांपर्यंतची चूक मान्य असते. नळी आणि पाणी यांच्यातला फरकच जर पाच अंशांचा असेल, तर ती चूक उत्तराचा जवळजवळ निम्मा भाग गिळते. म्हणून पहिले काही आठवडे प्रयोगाच्या नावाने काहीच घडत नाही. विद्यार्थी एकेक थर्मोकपल पाण्याच्या बाथमध्ये बुडवून, खात्रीच्या थर्मामीटरशी ताडून त्याची खोड टिपून ठेवत असतो. घरून फोन आला, ‘संशोधन कुठवर आलं?’ तर सांगायला काही नसतं.

पुढे हिशेब जुळवायचा. हीटरला ५०० वॅट दिले आणि पाण्याने ४३० च घेतले, तर मधले ७० वॅट गेले कुठे? नळीभोवती ग्लासवूल कमी पडलं, की पाण्याचा प्रवाह मोजणारं मीटर खोटं बोलतंय? एक रीडिंग घ्यायचं तर सगळी तापमानं स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं, कधी तास, कधी दोन तास. तेवढ्यात वीज गेली तर मुळापासून सुरुवात. हे सगळं जमलं की साध्या नळीचे आकडे १९३० सालच्या डिटस आणि बोल्टर यांच्या सूत्राशी ताडायचे. जुळले तरच नळीत पट्ट्या घालून, भिंती खडबडीत करून स्वतःचं नवं काम सुरू करायची परवानगी. शेवटी प्रत्येक आकड्यापुढे ‘अधिक-उणे किती’ ते लिहायचं. त्याची रूढ रीत क्लाइन आणि मॅक्लिंटॉक यांनी १९५३ साली घालून दिली. व्हायवात बाहेरून आलेले परीक्षक पुष्कळदा नेमकं याच जागी बोट ठेवतात.

कागदावर यासाठी एक अख्खं वर्ष असतं. पहिलं वर्ष कोर्सेसचं, शिवाय स्टायपेंडच्या बदल्यात आठवड्याला आठ तास टीएचं काम : बी.टेक.च्या मुलांचे पेपर तपासा, त्यांचं प्रॅक्टिकल सांभाळा. दुसरं वर्ष थिसिसचं. पण दुसऱ्या वर्षाच्या १ डिसेंबरला प्लेसमेंट सुरू होतं आणि जुलैपासूनच हॉस्टेलमधलं बोलणं बदलतं. रेझ्युमे, अ‍ॅप्टिट्यूड, कोडिंगचे सराव. प्रयोगाच्या रिगचे नट आवळणारा मुलगा दुपारी डेटा अ‍ॅनालिटिक्सचे धडे गिरवू लागतो. गाईड चिडतात, आणि त्यांचं चिडणं योग्यच आहे. मुलाचंही चुकत नाही.

कारण पैशाचा हिशेब. एम.टेक.च्या विद्यार्थ्याचं स्टायपेंड महिन्याला १२,४०० रुपये. गेली अनेक वर्षं आकडा तोच. पीएच.डी.च्या सुरुवातीच्या दोन वर्षांना २०२३ पासून ३७,००० मिळू लागले, आणि २०१८ साली आलेल्या पंतप्रधान संशोधन फेलोशिपचा पहिला टप्पा तर ७०,००० चा होता. ज्या टप्प्यावर मुलाला संशोधनाची पहिली चव लागते, तिथेच हात सर्वांत आखडता घेतलेला आहे. बी.ई.साठी काढलेल्या कर्जाचे हप्ते ज्याच्या घरी सुरू झालेत, त्याला थर्मोकपलची खोड शोधायला सांगणं सोपं नाही. गेटच्या त्याच स्कोअरवर सरकारी तेल कंपनीतून किंवा एनटीपीसीतून बोलावणं आलं तर काहीजण थिसिस अर्धवट टाकून निघून जातात. काहीजण मात्र तीन वर्षांच्या आरए म्हणजे रिसर्च असिस्टंट योजनेत येतात, लॅब सांभाळतात आणि त्या जादा वर्षात प्रयोग नीट पुरा करतात. बहुतेक गाईडना मनातून हेच विद्यार्थी हवे असतात.