‘मग ती सोडून का जात नाही?’

हा प्रश्न आपल्या कट्ट्यावर हमखास निघतो. पेपरात बातमी येते, नाहीतर कुणाच्या नात्यातला किस्सा कळतो, आणि कटिंग पिता पिता कुणीतरी म्हणतं, "एवढा मारतो तर सोडून का देत नाही त्याला?" मी या विषयावर जसजसं वाचत गेलो, तसतसा मला दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटू लागला : ती रोज तग कशी धरते?

आधी आकडे, कारण आपण इंजिनिअरिंगवाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण २५ टक्के, म्हणजे चौघींत एक. आणि हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागितली फक्त १४ टक्के जणींनी. ७७ टक्के जणी कुणाशी बोलल्यासुद्धा नाहीत.

पण गप्प बसणं म्हणजे काहीच न करणं नव्हे. गाडीच्या आवाजावरून त्याचा मूड ओळखायचा. तो पिऊन आला की मुलांना शेजारी पाठवायचं. माहेरचा विषय काढायचा नाही. घरखर्चातून दहा-वीस रुपये बाजूला टाकायचे. रेशनकार्डाची, दाखल्यांची झेरॉक्स बहिणीकडे ठेवायची. शिवणकाम घ्यायचं, भिशी लावायची. आपण याला सहनशीलता म्हणून मोकळे होतो. खरं तर हा धोक्याचा रोजचा हिशेब आहे. त्याची किंमतही ती मोजते : उडालेली झोप, सततची डोकेदुखी, नैराश्य.

मग बाहेर का पडत नाही? पैसा, घर, मुलं, ‘लोक काय म्हणतील’ ही कारणं आहेतच. शिवाय मारहाणीनंतर तो रडतो, माफी मागतो, काही दिवस बरे जातात, मग पुन्हा ताण वाढतो. हे चक्र मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये मांडलं. प्रत्येक घरात ते असंच फिरतं असं नाही, पण त्या बऱ्या दिवसांवर आशा टिकते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते : सोडून जाण्याचा काळच पुष्कळदा सर्वांत धोक्याचा असतो. म्हणून "आजच बॅग भर" हा सल्ला तिच्या जिवावर बेतू शकतो.

आधार मात्र आहेत. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा मारहाणीबरोबरच शिवीगाळ, लैंगिक छळ आणि पैशांची कोंडीही हिंसा मानतो. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिथं राहण्याचा तिचा हक्क मानतो. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही तो लागू आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र सुरू झालं, ते याच विचारातून : पोलीस ठाण्यात न जाणारी बाई जखम दाखवायला दवाखान्यात तर येते!

आता आपल्या होस्टेलबद्दल. लग्न झालेलं नसलं तरी मोबाईलचा पासवर्ड मागणं, रात्री व्हिडिओ कॉल करून ‘रूमवर कोण आहे दाखव’ म्हणणं, हात पिरगाळणं हे प्रेम नव्हे. नको म्हटल्यावरही पाठलाग करणं किंवा ऑनलाइन पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे.

मैत्रीण, बहीण किंवा मेसमधल्या मावशी कधी काही बोलल्या, तर "तू का सहन करतेस?" असं विचारू नका. "तुझ्यावर माझा विश्वास आहे, तुला काय हवंय?" एवढं विचारा. ऐकलेलं कट्ट्यावर नेऊ नका. परस्पर त्याला जाब विचारायला जाऊ नका, त्याचा राग तिच्यावरच निघेल. महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीसाठी ११२ हे नंबर तिला पाठ करून ठेवू द्या. मोबाईलमध्ये सेव्ह केलेले तो पाहू शकतो.